पगार मोठा, घर लहान

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक हिशेब मांडला गेला. मुलगा धुळ्यात एका खासगी कार्यालयात नोकरी करतो. त्याला पुण्याहून बोलावणे आले. पगार जवळजवळ दुप्पट! त्याच्या अम्मीने मोहल्ल्यात साखर वाटली. मी कवी माणूस, बी.ए.ला अर्थशास्त्र होते, तेवढीच पुंजी. तरी वही घेऊन बसलो. शेजारचे आबा ओट्यावर ऐकत होते. पुण्यातल्या भाड्याचा आकडा कानी पडताच ते अहिराणीत म्हणाले, "म्हणजे पगार घरमालकलेच जास!"

मंडळी, आबांच्या या वाक्यात एक जुना सिद्धांत दडलेला आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली जमिनीच्या खंडाचे मर्म सांगितले. ते समजायला लंडनला जायला नको. आपल्या पांझरेवर बंधारे बांधून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाटाखालचे रान आणि वरचे माळरान, दोन्हीकडे घाम सारखाच गळतो. पण पाटाखाली पीक जास्त येते, म्हणून त्या रानाचा खंडही जास्त. वाढीव पिकाचा मोठा वाटा जमिनीचा मालक नेतो. कसणाऱ्याच्या हाती थोडेच जास्त उरते.

शहर म्हणजे नोकऱ्यांचे पाटाखालचे रान. कारखाने, बँका, महाविद्यालये, संगणक कंपन्या एकमेकांजवळ असल्या की प्रत्येकाचे काम वाढते आणि पगारही वाढतो. माणसे तिकडे धावतात. जमीन मात्र वाढत नाही. मुंबईला तर समुद्राचे कुंपण. शिवाय एका भूखंडावर किती बांधायचे, याचेही नियम. मग घराची किंमत पगाराच्याही पुढे पळते.

सरकारने हा फरक मान्य केला आहे. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी गावांचे तीन वर्ग आहेत. ५० लाख व त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे 'एक्स', ५ ते ५० लाखांची 'वाय' आणि बाकी सगळी 'झेड'. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, नाशिक-नागपूर दुसऱ्या. २०११ च्या जनगणनेत धुळे शहर पावणेचार लाखांच्या आसपास, जळगाव साडेचार लाखांच्या थोडे वर. म्हणून खानदेशची ही दोन्ही मोठी शहरे 'झेड'मध्ये. जानेवारी २०२४ पासून या वर्गांचे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे मूळ पगार ५०,००० रुपये असेल, तर पुण्यात १५,०००, नाशकात १०,००० आणि धुळ्यात ५,००० रुपये भत्ता. आमच्या पिंपळनेरलाही तेवढाच. पण हा भत्ता लोकसंख्या पाहतो, प्रत्यक्ष भाडे नव्हे. खासगी नोकरीत तर असा नियमच नाही.

मग स्वस्त घराचे गाव सुखी म्हणावे का? इथे घाई नको. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबई सर्वांत वर होती आणि १९९८ साली आपल्याच धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार सर्वांत खाली. हा निर्देशांक उत्पन्न, शिक्षण आणि आरोग्य यांवर काढतात. त्यात घराचे भाडे नाही, अंगणही नाही आणि शेजारचे आबाही नाहीत! पण मोठे दुखणे आले की आम्हाला साक्री ओलांडून धुळे गाठावे लागते, हे खरे आहे. स्वस्ताईत हा प्रवासही मोजायला हवा.

आणि सगळेच काही दुप्पट पगारासाठी गाव सोडत नाहीत. धुळे-नंदुरबारचे आदिवासी मजूर कित्येक दशके दक्षिण गुजरातमध्ये, बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी त्यांच्यावर विस्ताराने लिहिले आहे. आधी उचल घ्यायची, मग हंगामभर ती फेडायची. मजुरी गावापेक्षा बरी, पण राहायला पाल, आणि मुलांची शाळा मागेच राहिलेली. नुसती मजुरी पाहिली तर हे लोक फायद्यात. राहणे पाहिले तर नाहीत.

म्हणून आम्ही वहीत तीन रकाने पाडले. पहिला, भाडे व प्रवास वजा जाता हाती काय उरते. दुसरा, गावात जे फुकट मिळते ते: स्वतःचे छप्पर, दादीचा हात, अडीअडचणीला धावणारा शेजार. तिसरा, ही नोकरी गेली तर पुढची किती दिवसांत मिळेल. पहिल्या रकान्यात पुणे आणि धुळे यांत फारसे अंतर पडले नाही. दुसरा गावाने जिंकला. तिसऱ्यात मात्र पुणे फार पुढे होते. तिथे एक दार बंद झाले तर ठोठवायला दुसरी दारे आहेत. इथे वर्ष वर्ष वाट पाहावी लागते.

मुलगा तिसरा रकाना वाचून गेला. मी त्याला अडवले नाही. एवढेच सांगितले, की पहिली तीन वर्षे तिथे घर घ्यायच्या फंदात पडू नकोस आणि इथले घर विकायचे नाव काढू नकोस. आबांनी विचारले, "पोरगं परत येईल का?" मी म्हटले, आबा, ते त्याच्यापेक्षा धुळ्यावर जास्त अवलंबून आहे.