पायातून निसटलेली चप्पल

ओट्यावर बसलेले आजोबा उठून घरात येतात आणि एक चप्पल अंगणातच राहिली आहे, हे नातवाने सांगेपर्यंत त्यांच्या ध्यानी येत नाही. घरातले सारे हसतात, आजोबाही हसतात. ‘वय झाले, विसरायला होते,’ एवढ्यावर विषय संपतो. वास्तविक हे विसरणे नव्हेच. चप्पल निसटल्याची वार्ता पायाकडून मेंदूपर्यंत पोहोचलीच नाही. पारोळ्यासारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो आणि बालाजीच्या दर्शनाला अनेक वृद्ध आजही अनवाणी जातात, तिथे ही न पोहोचलेली वार्ता फार महागात पडू शकते. तापलेल्या फरशीचा चटका ज्याला जाणवत नाही, त्याच्या तळव्याला फोड येतो. तो चिघळला तरी दुखत नाही, म्हणून कोणी पाहत नाही.

वार्ता जाते कशी?

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. शरीरभर पसरलेले मज्जातंतू मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांना अवयवांशी जोडतात. पायाच्या अंगठ्याची संवेदना वाहून नेणारी पेशी कमरेच्या मणक्यांजवळ वसलेली असते. तिचा एक धागा अंगठ्यापर्यंत उतरतो. त्याची लांबी सुमारे एक मीटर, जाडी मात्र केसाहूनही कितीतरी कमी.

या धाग्यातून वार्ता धावते ती विजेच्या रूपाने. पण ही वीज घरातल्या तारेतील विजेसारखी नाही. स्पर्श होताच धाग्याच्या पातळ पापुद्र्यातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे भारित कण आत शिरतात, लगेच पोटॅशियमचे कण बाहेर पडतात आणि ही उलथापालथ लाटेसारखी पुढे सरकत जाते. जाड धाग्यांवर मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात. वार्ता या फटीवरून त्या फटीवर उड्या घेत जाते, म्हणून तिचा वेग सेकंदाला १०० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. वेष्टन नसलेल्या बारीक धाग्यांतून ती सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर सरकते. उंबरठ्याला ठेच लागली की आधी नुसता आघात कळतो आणि ठणका क्षणभराने येतो, तो यामुळेच.

इतक्या लांब धाग्याचे पोषण दूरच्या पेशीकडूनच चालते. म्हणून कोणतीही टंचाई आली की तिची झळ सर्वांत लांब धाग्यांच्या टोकांना प्रथम लागते. पाय आधी बधिर होतात, हात पुष्कळ नंतर. मोजा चढवावा तशी ही बधिरता बोटांकडून घोट्याकडे चढत जाते.

दोन मुख्य कारणे

पहिले कारण मधुमेह. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बिघडतात आणि धाग्यांनाही थेट इजा होते. सुरुवातीला मुंग्या, आग, रात्री वाढणारी वेदना. पुढे वेदना थांबते. रुग्णाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात वेदना सांगणारा धागाच निकामी झालेला असतो.

दुसरे कारण अधिक गुपचूप येते. मायलिनचे वेष्टन नीट राहण्यासाठी ब-१२ हे जीवनसत्त्व लागते. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी अल्प. परंतु ते वनस्पतींतून मिळत नाही. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, मेथीची भाजी हे अन्न कितीही सकस असले, तरी ब-१२ त्यात नाही. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून येते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते.

वृद्धांत आणखी भर पडते. वयानुसार जठरातील आम्ल घटते आणि अन्नातील ब-१२ नीट सुटे होत नाही. आम्लपित्तावरील गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही तेच घडते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे उत्तम औषध आहे. मात्र ते वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ चे शोषण कमी होऊ शकते. म्हणून ते मनानेच बंद करू नये. डॉक्टरांना विचारून ब-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी.

येथे एक जुना धडा आठवण्यासारखा आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे दाखवले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे कळले. ब-१२ च्या अभावानेही तसाच पंडुरोग होतो आणि नुसत्या फॉलिक आम्लाने रक्त सुधारतेही. परंतु मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. तेव्हा ‘रक्तवाढीची गोळी’ चालू आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

मद्यपान, थायरॉइडचे विकार व काही औषधे हीदेखील कारणे असतात. त्वचेवर फिकट वा लालसर बधिर चट्टा दिसल्यास कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करावी. त्याचे उपचार सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात.

घरच्या घरी ओळख

तोंड धुताना डोळे मिटताच तोल जातो का? अंधारात चालताना भिंत धरावी लागते का? गादीवर, कापसावर चालल्यासारखे वाटते का? पायांकडून वार्ता येत नसेल, तर मनुष्य डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. डोळे मिटले की तो आधारही जातो.

आणखी एक सोपी चाचणी आहे. ज्येष्ठांना आडवे करून डोळे मिटायला सांगावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, घासू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

रोजची पाच मिनिटे

रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे उजेडात पाहावेत. वृद्धांना वाकवत नसेल तर सुनेने, मुलाने, नातवाने पाहावेत. अंघोळीच्या पाण्याची ऊब पायाने नव्हे, दुसऱ्याच्या कोपराने तपासावी. शेक घेताना गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये. चप्पल घालण्यापूर्वी आत खडा नाही ना, हे हाताने पाहावे. मागे पट्टा असलेली पादत्राणे घ्यावीत. कुरूप घरी कापू नये. मंदिरात अनवाणी जायचे तर सकाळी लवकर, फरशी तापण्यापूर्वी जावे. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा असावा.

ही सारी हळूहळू येणारी लक्षणे. याउलट एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे हे पक्षाघाताचे लक्षण आहे. तिथे एक मिनिटही थांबू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इजा झालेला धागा पुन्हा वाढू लागला, तरी त्याची गती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणूनच उपचारात धीर हवा. ब-१२ ची उणीव लवकर भरून काढली तर पुष्कळ हानी टळते; फार उशीर झाला तर काही बधिरता कायमची राहते. यास्तव पुढच्या वेळी अंगणात एकटी चप्पल दिसली, तर हसण्याआधी आजोबांना जवळ बसवावे आणि त्यांचे पाय हाती घ्यावेत.