तुमचा रक्तगट आणि तुमची जखम

इथे कॉव्हेंट्रीत एका मैत्रिणीची दाढ काढली, तर रक्त थांबायला रात्र झाली. पाळीतही फार जाते, म्हणून तपासणी झाली. ‘व्हॉन विलेब्रांड फॅक्टर’ 42 निघाला. सर्वसाधारण पातळी 100च्या आसपास. “मला आजार आहे का गं?” तिने फोनवर विचारले. मी आधी तिचा रक्तगट विचारला. ओ.

हा फॅक्टर म्हणजे एक लांबलचक प्रथिन. रक्तवाहिनी फाटली की त्या जागी प्लेटलेट्सना चिकटवणारा डिंक. शिवाय फॅक्टर 8ला तेच पाठुंगळी घेऊन फिरते. एकटा पडला तर तो रक्तातून लवकर नाहीसा होतो.

या प्रथिनाचे जनुक 12व्या गुणसूत्रावर, रक्तगटाचे 9व्या. तरी दोघांची गाठ पडते, कारण ए आणि बी गट ठरवणाऱ्या शर्करा तांबड्या पेशींप्रमाणे या प्रथिनावरही असतात. ओ गटात टोकाची ती शर्करा नसते, आणि प्रथिन रक्तातून लवकर निघून जाते. परिणामी ओ गटात त्याची पातळी सरासरी पाव हिश्शाने कमी. उलट बाकीच्या गटांत शिरेत गुठळी होण्याचा धोका जास्त.

आता आपल्या मुंबईकडे वळू. 1952 साली भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक नवा गट मांडला, तोच बाँबे ब्लड ग्रुप. एफयूटी1 या जनुकात बिघाड (भारतात बहुधा 725व्या जागी टीऐवजी जी), त्यामुळे ए-बीचा पाया असलेली एच शर्कराच तयार होत नाही. नेहमीच्या चाचणीत हा गट ओ दिसतो, पण ओचे रक्त दिले तर जिवावर बेतते. एच नसलेले हे प्रथिन अ‍ॅडॅम्ट्स-13 या विकराकडून सहज कापले जाते, असे 2005मध्ये दाखवले गेले. एबी गटाच्या तुलनेत त्याची पातळीही कमी असते. एवढीशी शर्करा, पण काय काय करते!

मग मैत्रिणीचे काय? “ओ आहे ना, मग चालायचेच” असे म्हणून सोडून देणे मला पटत नाही. 30 ते 50च्या पट्ट्यात आकड्यापेक्षा रक्तस्रावाचा इतिहास महत्त्वाचा, आणि तिचा तो आहे. ताणात किंवा गरोदरपणात ही पातळी वाढते, म्हणून चाचणी पुन्हा करायची. दुसरी दाढ काढण्याआधी डेंटिस्टला हे सांगायचे. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड किंवा डेस्मोप्रेसिन आधीच ठरवता येते. तिची दुसरी चाचणी पुढच्या आठवड्यात आहे.