धुरासोबत वर जाणारे दान

प्राचीन इस्राएली उपासनेत होमबलीला हिब्रूत ‘ओला’ म्हणत. अर्थ, वर चढणारे. इतर काही बळींचे मांस याजक आणि यजमान खात असत. इथे मात्र कातडे तेवढे याजकाला मिळे, बाकी सारे अग्नीला. माणसाने स्वतःसाठी घासभरही न राखणे, हाच या विधीचा गाभा वाटतो.

बायबलमधल्या लेवीय ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात त्याची रीत आहे. यजमान निर्दोष नर पशूच्या डोक्यावर हात ठेवी, तो कापला जाई, याजक रक्त वेदीच्या बाजूंवर शिंपडत. आतडी आणि पाय पाण्याने धुऊन मगच लाकडांवर रचत. बैल परवडत नसेल तर मेंढा, बोकड. तेही जमत नसेल तर पारवा चाले. गरिबाला वेदीपासून कुणी अडवत नसे.

जेरुसलेमच्या मंदिरात रोज सकाळी एक आणि दुपारनंतर एक कोकरू अर्पण होई, सोबत तेलात मळलेले पीठ आणि द्राक्षारस. वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, असा दंडक होता.

वेदी घडीव दगडांची नसावी, असे निर्गम ग्रंथ सांगतो. पण 1973 मध्ये इस्राएलमधल्या तेल बेअर शेबा इथे सापडलेल्या, कोपऱ्यांवर शिंगे असलेल्या वेदीचे दगड चांगले तासलेले आहेत, एकावर तर साप कोरलेला! ते एका कोठाराच्या भिंतीत बसवलेले होते.

इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले. तेव्हापासून सकाळ-दुपारच्या यहुदी प्रार्थना त्या दोन कोकरांच्या जागी मानल्या जातात.