साडी आटते, त्याची सुरुवात चंद्रिकेत

तंजावरच्या मराठी राज्यामुळे कुंभकोणम हे नाव महाराष्ट्राला परके नाही. त्याच्या जवळच्या तिरुभुवनम येथील सौराष्ट्र विणकरांच्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशी भरजरी साडी घरी पाण्यात धुतली, की तिचे अंग आखडते, काठाला चुण्या पडतात आणि दोष विणकराच्या माथी येतो.

वस्तुतः कापड आटते तेव्हा तंतू फारसा आखूड होत नाही. सूत गुंडाळताना, ताणा भरताना, विणताना धाग्याला ओढ दिलेली असते आणि ती कोरड्या कापडात अडकून राहते. पाण्याने तंतू जाडीत फुगतो, लांबीत नगण्य वाढतो. फुगलेल्या बाण्याला वळसा घालण्यास ताण्याला अधिक लांबी लागते. ती कापडाच्या लांबीतूनच येते. पाणी गरम असेल, कापड चोळले-पिळले असेल, तर हे लवकर घडते. जरीच्या धाग्यावर मात्र धातूची पट्टी गुंडाळलेली असते. तो रेशमाइतका आखडत नाही, म्हणून चुण्या काठाशीच दिसतात. गिरणीच्या सुती कापडावर पूर्वी ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का असे. ते कापड यंत्रावर आधीच आटवलेले असे. हातमागाच्या रेशमाला ही सोय नाही. लोकरीची कथा निराळी: तिच्या तंतूवरील खवले एकमेकांत अडकून नमद्यासारखा थर बनतो.

क्रेपमध्ये तर आटणे मुद्दाम घडवतात. भरपूर पीळ दिलेला कच्चा धागा विणून मग साबणाच्या गरम द्रावणात उकळतात. सेरिसिन हा डिंक निघून जातो, अडकलेला पीळ मोकळा होतो आणि कापड आखडून त्यावर बारीक सुरकुती उमटते. कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण चौथा हिस्सा या डिंकाचाच असतो.

येथे कीटक संगोपकाचा संबंध येतो. कोष बांधताना अळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मान फिरवीत सुमारे १,००० मीटर किंवा त्याहून अधिक सलग तंतू सोडते. चंद्रिकेत हवा कोंडली, मूत्राची ओल साचली, तर सेरिसिन सावकाश सुकते, थर घट्ट चिकटतात आणि कोष उलगडताना तंतू वारंवार तुटतो. प्रत्येक तुटीनंतर जोड द्यावा लागतो, सुताची जाडी कमी-जास्त होते. असे सूत मागावर सारखी ओढ पेलत नाही. साहजिकच भिजल्यावर ती ओढ सारखी सुटतही नाही. विणकराचे कौशल्य येथे अपुरे पडते.

संगोपनगृहात कीटकांना पाने खाऊ घालण्यात आपले शेतकरी दक्ष असतात. कोष बांधणीचे दोन-तीन दिवस मात्र विश्रांतीचे समजले जातात. माझ्या मते नुकसान तेथेच होते. या काळात तापमान २२ ते २५ अंश सेल्सिअस व आर्द्रता ६० ते ७० टक्के राखावी, खालचा ओला कागद बदलावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आतील अळीचा पूर्ण कोशित झाल्यावरच काढणी करावी. जुळे, डागाळलेले आणि उझी माशीने छिद्र पाडलेले कोष विक्रीपूर्वी वेगळे काढावेत; छिद्र पडलेल्या कोषाचा तंतू सलग निघत नाही आणि तो कताईच्या रेशमासाठीच उपयोगी पडतो.