आयनांबर, विषुववृत्तीय : सौर बदलांचे परिणाम

भूपृष्ठापासून सु. ६० किमी.च्या वर सूर्याच्या जंबुपार व क्ष-किरणांमुळे वायूंचे आयनीभवन होऊन जो विद्युत् संवाहक भाग तयार होतो, त्यास आयनांबर म्हणतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जेथे क्षितिजसमांतर असते, त्या चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस त्याची लक्षणे वेगळी असतात. भारतात हे विषुववृत्त द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळून जाते, भंडारा शहर (२१° १०' उ.) त्याच्या उत्तरेस सु. १२° वर आहे.

दिवसा सु. १०० किमी. उंचीवरील ई थरात वाऱ्यांमुळे पूर्वाभिमुख विद्युत् क्षेत्र निर्माण होते. त्याच्या व चुंबकीय क्षेत्राच्या संयुक्त क्रियेने एफ थरातील इलेक्ट्रॉन व आयन वर उचलले जातात आणि कारंजाच्या पाण्याप्रमाणे चुंबकीय बलरेषांवरून दोन्ही बाजूंस उतरतात. परिणामी इलेक्ट्रॉनांची घनता विषुववृत्तावर कमी, तर सु. १५° चुंबकीय अक्षांशांजवळ सर्वाधिक असते. एडवर्ड ॲपलटन यांनी १९४६ मध्ये ही विसंगती दाखविली. त्याच वर्षी कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्रा यांनी तिचा संबंध भूचुंबकीय क्षेत्राशी जोडला.

सु. ११ वर्षांच्या सौरचक्रात सूर्याच्या एकूण प्रारणात केवळ ०·१ टक्क्याच्या आसपास फरक पडतो. भंडाऱ्याच्या भातशेतीस तो जाणवतही नाही. परंतु अतिजंबुपार किरण मात्र दुप्पट वा त्याहून अधिक वाढू शकतात व इलेक्ट्रॉनांची संख्या कित्येक पटींनी बदलते. सौर क्रियाशीलता वाढल्यास महत्तम घनतेचा पट्टा भोपाळच्या बाजूस उत्तरेकडे सरकतो. ती घटल्यास तो क्षीण होऊन दक्षिणेकडे येतो. म्हणून भंडारा परिसरावरील घनता केवळ स्थानिक सूर्यप्रकाशावरून ठरत नाही.

सौर ज्वालेतील क्ष-किरण सु. ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचून डी थरातील आयनीभवन वाढवितात; तेव्हा सूर्यप्रकाशित भागात लघुतरंग रेडिओ संदेश शोषले जातात. सौर द्रव्याच्या उत्सर्जनामुळे होणारी भूचुंबकीय वादळे विद्युत् क्षेत्रच बदलून कारंजाची क्रिया प्रबळ किंवा दुर्बल करतात. २ सप्टेंबर १८५९ च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे नोंदले गेले.

उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ संकेतास इलेक्ट्रॉनांमुळे विलंब होतो व स्थाननिश्चितीत काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंत चूक संभवते. सूर्यास्तानंतर घनतेत पोकळ्या निर्माण झाल्यास संकेत चंचल होतात. ‘गगन’ ही भारतीय प्रणाली विमानांसाठी या विलंबाची दुरुस्ती प्रसारित करते. परंतु घनता थोड्या अंतरात बदलणाऱ्या प्रदेशात ती दुरुस्ती अचूक राखणे कठीण असते. मध्य भारतातील सतत निरीक्षणांचे महत्त्व यातच आहे.