गुडघ्याला मानवेल तीच सायकल खरी

पन्नाशीतले एक गृहस्थ. रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांना नियमित व्यायामाचा सल्ला दिला. चालण्याचा कंटाळा, म्हणून त्यांनी सायकल घ्यायचे ठरविले. मुलाने हौसेने शहरातून बाकदार हँडलची, पातळ टायरची महागडी रोड बाईक आणून दिली. पंधरा दिवस उत्साहात गेले. तिसऱ्या आठवड्यात गुडघा पुढच्या बाजूने दुखू लागला, करंगळीला मुंग्या येऊ लागल्या आणि सायकल जिन्याखाली गेली. तीन महिन्यांनी तपासले, तर साखर होती तिथेच! "डॉक्टर, या वयात सायकल झेपत नाही," असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. गुडघा तपासला, त्यात विशेष बिघाड नव्हता. बिघाड होता सायकलीच्या मापात. फ्रेम मोठी असल्याने हँडल लांब पडत होते आणि पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट अगदी खाली घेतलेली होती.

वाचकहो, चप्पल घेताना आपण पाय घालून बघतो, पण सायकल घेताना रंग आणि किंमत बघतो. म्हणून आज सायकलीच्या निवडीविषयी थोडे.

सायकल कशासाठी?

प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते, त्यामुळे धावण्याच्या मानाने गुडघ्यांना हादरे कमी बसतात. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळले. एकट्या सायकलीमुळेच हे घडले असे त्यावरून सिद्ध होत नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

आधी गरज ओळखा

रोड बाईक ही गुळगुळीत डांबरी रस्त्यावर लांबचे अंतर वेगाने कापण्यासाठी असते. आपली काळी, दणकट सायकल १८ ते २० किलोची, तर रोड बाईक साधारण ८ ते ११ किलोची. मात्र तिला कॅरिअर नसते, खड्डे सोसत नाहीत आणि वाकून बसावे लागते. बाजारहाट करायचा असेल, रस्ता खराब असेल किंवा मान व कंबर दुखत असेल, तर सरळ हँडलची, थोड्या जाड टायरची हायब्रिड सायकल बरी. त्यात कमीपणा काही नाही.

फ्रेम

फ्रेम म्हणजे सायकलीचा सांगाडा. पोलादाची फ्रेम जड, पण टिकाऊ आणि वेल्डिंग होण्याजोगी. अॅल्युमिनियमची हलकी व परवडणारी. कार्बनची सर्वांत हलकी आणि महाग. नवशिक्याला पहिल्या दोन पुरेत. धातूपेक्षा माप महत्त्वाचे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांमध्ये वही घट्ट वर धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. या आकड्याला ०.६६ ने गुणले की रोड बाईकच्या फ्रेमचे अंदाजे माप मिळते. अंतर ७८ सेंटिमीटर आले, तर फ्रेम ५१ ते ५२ सेंटिमीटरची. दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर शरीर व दांडी यांत दोन-तीन बोटांची मोकळी जागा राहिलीच पाहिजे.

सीट

सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात किंचित बाक राहतो. हीच योग्य उंची. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून दुखतो. सीटचे टोक वर उचललेले नसावे, नाहीतर जांघेतील नसांवर दाब येऊन बधिरपणा येतो.

हँडल

बाकदार हँडलला हात धरण्याच्या तीन जागा असतात. दर थोड्या वेळाने जागा बदलावी. कोपर ताठ न ठेवता किंचित वाकवावे. तळहातावर सतत भार पडला, तर तेथील नस दाबली जाऊन करंगळीला व शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. हँडल लांब पडत असेल, तर आखूड स्टेम बसवून घ्यावा.

गिअर आणि चेन

साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते, मग चढ असो की उतार. रोड बाईकला पुढे बहुधा ५० व ३४ दात्यांची दोन चक्रे, आणि मागे ११ पासून २८ किंवा ३२ दात्यांपर्यंत चक्रांची उतरंड असते. पुढे ३४ आणि मागे ३२ लावले, की एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच जातो, पण चढ सहज चढतो. म्हणजे गिअर हे गुडघा वाचविण्याचे साधन आहे. जड गिअर दाबत बसू नये. मिनिटाला ७० ते ९० हलके फेरे पडावेत.

टायर आणि ब्रेक

पूर्वी २३ मिलिमीटरचे टायर लोकप्रिय होते. आपल्या रस्त्यांना २८ ते ३२ मिलिमीटरचे बरे. हवा दर आठवड्याला बघावी, कमी हवेत खड्ड्यावर ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते. डिस्क ब्रेक पावसात चांगले लागतात, तर रिमवर लागणारे ब्रेक स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे. गावात कोण दुरुस्त करील, हे घेण्यापूर्वीच विचारावे.

ही काळजी घ्या

हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. घाम, थरथर, डोके हलके वाटले की थांबून खावी. हेल्मेट आणि मागचा तांबडा दिवा यांवर काटकसर करू नये. पहिला आठवडा पंधरा मिनिटेच, मग हळूहळू वाढवावे.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. आपल्याला तेवढे जायचे नाही. गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आलो तरी पुष्कळ.

त्या गृहस्थांना नवी सायकल घ्यावी लागली नाही. सीट चार बोटे वर केली, स्टेम आखूड बसविला. महिनाभरात गुडघा शांत झाला. आता सकाळी सायकल जिन्याखाली सापडत नाही आणि साखरही हळूहळू उतरू लागली आहे. गोळ्या मात्र चालूच आहेत. त्या कमी करायच्या की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टरच ठरवतील.