कॅराव्हॅनची टाकी उतारावर पूर्ण रिकामी का होत नाही?

मुंबई आणि पुण्याच्या मध्ये असल्याने कर्जत आणि खालापूर हे तालुके शनिवार-रविवारच्या तंबूवाल्यांचे जुने ठिकाण. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर पलंग, ओटा आणि शौचालय सोबत घेऊन फिरणाऱ्या गाड्यांची चर्चाही वाढली. अशी गाडी कुठेही उभी करता येते, हे तिचे आकर्षण. पण दोन दिवसांनी तिची टाकी रिकामी करावी लागते, आणि तिथे जमिनीचा उतार आडवा येतो.

गाडीत किती टाक्या असतात?

मोठ्या कॅराव्हॅनमध्ये बहुधा तीन. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी बेसिन आणि आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. शेवटच्या दोन गाडीच्या तळाशी बसवलेल्या असतात आणि व्हॉल्व्ह उघडला की केवळ वजनाने रिकाम्या होतात. छोट्या व्हॅनमध्ये मैल्याची टाकी बॅगेसारखी उचलून नेता येते आणि साध्या शौचालयात ओतता येते. त्यांना उताराचा त्रास नाही.

उताराने नेमके काय बिघडते?

टाकीचा तळ जवळजवळ सपाट असतो आणि बाहेर पडायचे तोंड एका बाजूला. गाडी त्या बाजूला किंचित झुकली असेल तर उत्तम. उलट्या बाजूला झुकली, तर तोंड वर आणि माल खाली.

हिशेब करून पाहू. समजा टाकी दीड मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर खोल आहे. म्हणजे सुमारे २२५ लिटर. जमिनीला वीस फुटांना एक फूट उतार आहे, जो चालताना फारसा जाणवतही नाही. टाकीचे तोंड चढाच्या बाजूला असेल तर दुसऱ्या टोकाला साडेसात सेंटीमीटर खोल पाचर शिल्लक राहते. सुमारे ३४ लिटर. तेही नुसते पाणी नव्हे. जड गाळ नेमका तिथेच बसतो, वाळतो आणि पुढच्या वेळी त्यावर नवा थर चढतो. वास येतो. गाडी तिरकी असल्याने टाकी किती भरली हे दाखवणारा सेन्सरही चुकीचा आकडा देतो.

दुसरी अडचण पाइपची. मैला वाहून न्यायला पाइपला दर मीटरमागे साधारण दोन सेंटीमीटर उतार हवा. सेप्टिक टाकी गाडीपेक्षा उंचावर असेल, किंवा पाइप मध्येच झोळीसारखा लोंबत असेल, तर पाणी पुढे जाते आणि मैला मागे राहतो.

कर्जत-खालापूरमध्येच हे जास्त का?

इथल्या कॅम्पच्या जागा बऱ्याचदा डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी किंवा भातखाचरांत असतात. खाचर स्वतः सपाट असते, पण एकापेक्षा दुसरे पायरीसारखे खाली. गाडी खालच्या खाचरात आणि शौचालयाची टाकी वर घराजवळ, अशी मांडणी सहज होते. शिवाय मुरमाच्या थराखाली काळा कातळ. जून ते सप्टेंबरमध्ये जमीन आधीच पाण्याने भरलेली असते. शोषखड्डा तेव्हा फारसे शोषत नाही.

मग करायचे काय?

गाडी लावण्यापूर्वी टाकीचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि ती बाजू उताराकडे ठेवावी. ते जमत नसेल, तर तोंडाच्या विरुद्ध बाजूची चाके रुंद, भक्कम ठोकळ्यांवर चढवावीत. हँडब्रेक ओढून बाकीच्या चाकांना अडण लावावे. जॅकवर गाडी उचलून हे काम कधीही करू नये. झुकाव मोजायला फोनमधले लेव्हल ॲप किंवा गवंड्याची बुडबुड्याची पट्टी पुरते.

मैल्याचा व्हॉल्व्ह रोज उघडा ठेवण्याची सवय सर्वात वाईट, कारण पाणी वाहून जाते आणि आत ढीग साचतो. टाकी दोन तृतीयांश भरू द्यावी आणि मग एकदम सोडावी. आधी मैला, नंतर सांडपाणी, म्हणजे साबणाचे पाणी पाइप धुऊन काढते. शिल्लक राहिले असे वाटले तर टाकीत बादलीभर पाणी ओतून गाडी थोडी फिरवून आणावी आणि पुन्हा रिकामी करावी. सेप्टिक टाकी वरच्या अंगाला असेल तर उताराचा उपाय चालत नाही. मैला बारीक करून ढकलणारा पंपच लागतो.

कुठल्याही सेप्टिक टाकीत सोडले तर चालते?

नाही. एका कुटुंबासाठी बांधलेल्या टाकीत तीन गाड्यांनी पाठोपाठ दोन-दोनशे लिटर ओतले, तर तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा बुजतो. वास मारण्यासाठी फॉर्मल्डिहाइड असलेले रसायन वापरले असेल, तर मैला कुजवणारे जिवाणूही मरतात. जागामालकाने गाड्यांसाठी वेगळे, झाकणाचे तोंड आणि मोठी टाकी बांधणे हाच टिकाऊ मार्ग.

टाकी तुंबली म्हणून माणूस आत उतरवणे हा तर गुन्हाच. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यात सेप्टिक टाकीची धोकादायक सफाईही येते. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणाराही. सक्शन टँकर मागवावा. तो मैला कुठे नेऊन सोडतो हेही विचारावे.

रात्री ओढ्यात सोडून दिले तर?

मोह इथेच होतो, कारण ओढा नेहमी उताराच्या बाजूलाच असतो. पण कर्जतचे ओढे उल्हास नदीला मिळतात. खाली बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली याच नदीचे पाणी उचलतात. खालापूरकडचे पाणी पाताळगंगेत जाते. टाटांच्या भिवपुरी आणि खोपोली वीजकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहतात, म्हणून काठावरची गावे बारमाही त्यांच्यावर अवलंबून असतात. नदी-नाल्यात घाण सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे. ‘फक्त सांडपाणी होते’ ही सबब त्यात बसत नाही.

बुकिंग करताना ‘शौचालय आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. टाकी उतरवायचे तोंड कुठे आहे, गाडी उभी राहते तिथून ते किती लांब आणि वर की खाली, आणि पावसाळ्यात ते चालते का, हे फोनवरच विचारावे. जागामालकाकडून तिथला एक फोटो मागवला तर उतारही दिसतो.